भूगर्भाचें ज्ञान आणि त्याचे वांटेकरी

जमिनीच्या पोटांत दडलेलें धन हा आपल्या लोककथांचा मोठा आवडता विषय आहे. पायाळू माणूस, डोळ्यांत घालावयाचें अंजन, हंड्यावर वेटोळें घालून बसलेला नाग, हे त्या कथांचे ठरीव सोबती. या कथांतील एक गोष्ट मात्र लक्षांत घेण्यासारखी आहे. धन कोणाच्या शेतांत आहे यापेक्षां तें कोणास दिसतें, यालाच तेथें सर्व महत्त्व असतें. अंजन ज्याच्या डोळ्यांत, धन त्याचें. शेताचा धनी बांधावर बसून राहतो. आज त्या अंजनाची जागा रसायनशाळेनें घेतली आहे, आणि सरकारनें तें अंजन सर्वांसाठीं उघड्यावर मांडून ठेविलें आहे. यामुळें धन कोणाचें हा जुना प्रश्न मिटला, कीं नव्या रूपानें पुन्हां उभा राहिला, याचा थोडा विचार आम्ही येथें करूं इच्छितों.

प्रथम हें नवें अंजन म्हणजे काय, तें सांगितलें पाहिजे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण ही संस्था १८५१ सालीं स्थापन झाली. दगडी कोळशाचा शोध हें तिचें आरंभींचें काम. पुढें तिनें सर्व देशाचे भूस्तरीय नकाशे केले. २००१ सालापासून तिनें देशाचा भूरासायनिक नकाशा करण्याचें कार्य हातीं घेतलें. त्याची रीत समजण्यास सोपी आहे. पावसाचें पाणी उतारावरून वाहतांना खडकांचा व मातीचा अंश आपल्याबरोबर आणतें, आणि तो ओढ्यानाल्यांच्या तळाशीं गाळरूपानें बसतो. म्हणून ओढ्यांतील मूठभर गाळ हा त्याच्या वरच्या अंगाच्या सर्व भूमीचा सारांशच होय. भूमीचे चौरस पाडून साधारणपणें दर चार चौरस किलोमीटरांमागें असा एक नमुना सिद्ध करतात, तो बारीक चाळणींतून चाळून रसायनशाळेंत पाठवितात, आणि तांबें, जस्त, शिसें, निकेल, क्रोमियम यांपासून तों सोन्यापर्यंत पन्नासांहून अधिक मूलद्रव्यांचें प्रमाण मोजतात. एखाद्या ठिकाणीं एखाद्या धातूचें प्रमाण भोवतालच्या मानानें असाधारण वाढलेलें दिसलें, म्हणजे वरच्या अंगास कांहीं तरी असावें असा संशय घ्यावयाचा, व ओढा धरून मागें मागें जावयाचें. संशयापासून खाणीपर्यंतचा मार्ग फार लांबचा असतो, व बहुतेक संशय वाटेंतच विरून जातात. परंतु पहिलें पाऊल कोठें टाकावें हें या आंकड्यांवरून ठरवितां येतें. डिसेंबर २०२३ मध्यें केंद्र सरकारच्या खाण मंत्रालयानें नॅशनल जिओसायन्स डेटा रिपॉझिटरी या नांवाचें भांडार संगणकाच्या जाळ्यावर उघडलें, व असे आंकडे आणि नकाशे त्यांत सर्वांसाठीं ठेविले.

आतां हा प्रश्न एका गांवाच्या शिवारांत नेऊन पाहूं. मिरजगांव हें अहिल्यानगर जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यांतील, नगरहून सोलापुराकडे जाणाऱ्या रस्त्यावरचें बाजारपेठेचें गांव. पाऊस बेभरंवशाचा, रब्बीची ज्वारी हें जुनें पीक, विहिरीच्या पाण्याचा नित्य घोर. जवळच सीना नदी व तिच्यावरील निमगांव गांगर्डे येथील धरण. पायाखालचा खडक म्हणजे सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं वाहिलेल्या लाव्हारसाचा काळा फत्तर. या फत्तरांत तांबें मुळींच नाहीं असें नाहीं. दहा लाख भागांत शंभर ते दोनशे भाग तांबें त्यांत सहज सांपडतें, आणि पृथ्वीच्या वरच्या कवचाच्या सरासरीहून तें कितीतरी अधिक आहे. ज्यास नुसती सरासरी ठाऊक आहे, तो अशा प्रदेशांतील ओढ्याचा आंकडा पाहून हर्षभरित होईल. परंतु दख्खनच्या लाव्हाप्रदेशाची ती सर्वसाधारण प्रकृतीच आहे. घरांतील सर्वच माणसें उंच असलीं म्हणजे त्यांपैकीं एकाच्या उंचीचें नवल करावयाचें नसतें. तांब्याच्या खाणीस सामान्यतः अर्ध्या टक्क्याच्या आसपास, म्हणजे दहा लाखांत पांच हजार भाग तरी तांबें लागतें. शेंदोनशें भागांवर खाण चालत नाहीं.

लाव्हाच्या थरांखालीं काय आहे, हें तर ओढ्याचा गाळ सांगूंच शकत नाहीं. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारी येथें खोल छिद्र घेतलें, तेव्हां ३३८ मीटर लाव्हा भेदल्यावर, गाळाचा एक पातळ थर ओलांडून, प्राचीन खडक हातीं लागला. महाराष्ट्राचें खनिजधन बहुतांशीं जेथें हा काळा थर नाहीं तेथें आहे: भंडारा-नागपुराकडील मँगनीज, वर्धेच्या खोऱ्यांतील कोळसा, गडचिरोलींतील सुरजागडचें लोखंड. तेव्हां मिरजगांवकरांनीं तांब्याच्या खाणीचें स्वप्न पाहूं नये, असेंच शास्त्र सांगतें.

मग आम्हीं हेंच गांव कां घेतलें, असें वाचक विचारतील. याचें कारण असें कीं, धन नाहीं हें ज्ञानही ज्ञानच आहे, आणि तेंही सर्वांस सारखें नसतें. उद्यां एखादा चतुर गृहस्थ हातांत रंगीत नकाशा घेऊन गांवांत आला, व "तुमच्या शिवारांत तांबें जगाच्या सरासरीच्या चौपट आहे, सरकारी आंकडा आहे, पाहा" असें म्हणाला, तर त्याचा एक शब्दही खोटा ठरणार नाहीं. तरीही त्या आशेवर जो कोणी त्याच्या हातीं पैसा देईल तो फसेल. उलट खरोखरीचें धन असलेल्या प्रदेशांत दुसरा गृहस्थ येईल, व नकाशाचें नांवही न काढतां माळरान म्हणून जमीन मागेल. दोन्ही ठिकाणीं आंकडा उघडच आहे. तो वाचण्याची विद्या तेवढी एकाकडे आहे.

सरकारी घोषणेनेंही हें अंतर नेहमींच मिटतें असें नाहीं. ९ फेब्रुवारी २०२३ रोजीं जम्मू-काश्मीरमधील रियासी जिल्ह्यांत लिथियमयुक्त खनिजाचा ५९ लाख टनांचा अनुमानित सांठा असल्याचें जाहीर झालें. वृत्तपत्रांनीं ५९ लाख हा आंकडा मोठ्या अक्षरांत छापला. 'अनुमानित' हा शब्द शास्त्रज्ञांच्या परिभाषेंत निश्चितीच्या खालच्या पायरीचा आहे, इकडे थोड्यांचेंच लक्ष गेलें. पुढें त्या जागेच्या लिलावाची खेप पुरेशा बोलीवाल्यांअभावीं मार्च २०२४ मध्यें रद्द करावी लागली. ज्यांस तो एक शब्द वाचतां येत होता, ते पहिल्या दिवसापासून सावध होते.

ज्ञान सरकारी, शोध खाजगी आणि भूमि तिसऱ्याचीच, हा तिढा आजकालचा नव्हे. त्याचें एक बोधप्रद उदाहरण नागपूर-चांद्याकडील आहे. चांदा जिल्ह्यांतील लोहारा येथील लोहखनिजावर श्वार्ट्झ या युरोपीय तज्ज्ञाचा अहवाल १८८२ सालीं प्रसिद्ध झाला. तो जमशेटजी टाटा यांच्या वाचण्यांत आला, व हिंदुस्थानांत पोलादाचा कारखाना काढण्याची कल्पना त्यांच्या मनांत रुजली. त्या वेळचे परवान्याचे नियम जाचक होते, म्हणून बेत मागें पडला. १८९९ सालीं ते नियम सैल झाल्यावर त्यांनीं तो पुन्हां हातीं घेतला. पुढें वेल्ड नांवाच्या अमेरिकन भूगर्भवेत्त्यानें लोहाऱ्याची तपासणी केली, व मोठ्या कारखान्यास तेथील सांठा पुरणार नाहीं असा निकाल दिला. जमशेटजींचे पुत्र दोराबजी हे आपण हा नाद सोडीत आहों असें सरकारी अधिकाऱ्यास कळविण्यासाठीं नागपुरास गेले. भेटीस अवकाश होता, म्हणून ते समोरच्या पदार्थसंग्रहालयांत सहज शिरले. तेथें मध्यप्रांताचा भूस्तरीय नकाशा लावलेला होता, आणि त्यावर दुर्गकडील भागांत लोखंडाची गडद खूण होती. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे अधिकारी प्रमथनाथ बोस यांनीं तो भाग पूर्वींच पाहिलेला होता. त्या खुणेवरून शोध पुन्हां चालूं झाला. पुढें २४ फेब्रुवारी १९०४ रोजीं, सरकारी सेवेंतून निवृत्त झालेल्या याच बोसांनीं जमशेटजींस पत्र लिहून मयूरभंज संस्थानांतील लोखंडाची माहिती दिली, आणि १९०७ सालीं टाटांची पोलाद कंपनी स्थापन झाली. दुर्गकडील दल्ली-राजहराचें खनिज तेव्हां मागें राहिलें, तें अर्ध्या शतकानंतर भिलाईच्या कारखान्याच्या कामीं आलें.

या कथेंत दोराबजींनीं कांहीं अन्याय केला असें कोणीही म्हणणार नाहीं. नकाशा भिंतीवर टांगलेला होता. त्याच्यापुढून अनेक लोक गेले असतील. परंतु लोखंडाचा ध्यास घेतलेल्या घराण्यांतील माणसालाच त्या खुणेचा अर्थ कळला. सार्वजनिक ज्ञानाचा उपयोग करणें हा दोष नसून गुण आहे. नकाशे भिंतीवर धूळ खात पडावे म्हणून काढलेले नसतात. तथापि याच कथेंत दुसरींही माणसें आहेत. मध्यप्रांताच्या डोंगरांत पिढ्यानुपिढ्या देशी भट्ट्यांतून लोखंड गाळणारे आगरिया होते. कोणत्या टेकडीचा दगड जड, हें त्यांस नकाशाच्या आधींपासून ठाऊक होतें. सर्वेक्षणाचा पगार ज्या महसुलांतून निघाला, तो भरणारे शेतकरी होते. मयूरभंजच्या महाराजांस खनिजाचें स्वामित्वधन मिळालें, कंपनीस खनिज मिळालें, बोसांस कीर्ति मिळाली. आगरियांचें आणि शेतकऱ्यांचें नांव कोणत्याही करारांत आलें नाहीं, आणि तें यावें असें त्या वेळीं कोणास वाटलेंही नाहीं.

येथें नीतीचा मूळ प्रश्न येतो. दुसऱ्यास ठाऊक नसलेली गोष्ट आपणांस ठाऊक असतां, त्याच्याशीं व्यवहार करतांना ती सांगण्यास आपण बांधलेले आहों काय? रोमन तत्त्ववेत्ता सिसेरो यानें कर्तव्याविषयींच्या आपल्या ग्रंथांत यासंबंधीं एक प्रसिद्ध दृष्टांत चर्चिला आहे. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ पडला आहे. अलेक्झांड्रियाहून धान्याचें गलबत घेऊन एक सचोटीचा व्यापारी तेथें येतो. आपल्या मागून धान्यानें भरलेलीं आणखी गलबतें येत आहेत, हें त्यानें वाटेंत पाहिलें आहे. हें त्यानें गिऱ्हाइकांस सांगावें, कीं मुकाट्यानें चढ्या भावानें माल विकून मोकळें व्हावें? स्टोइक पंथाच्या दोन आचार्यांचीं यावर दोन मतें पडलीं. डायोजिनीस म्हणतो कीं, न सांगणें व लपविणें या भिन्न गोष्टी आहेत. मालांतील दोष कायद्याप्रमाणें सांगितला, खोटें बोललें नाहीं, म्हणजे झालें. त्याचाच शिष्य अँटिपेटर म्हणतो कीं, मनुष्यमात्राचें हित पाहण्यासाठीं तूं जन्मास आलास. समोरचा उपाशी असतां ही गोष्ट त्याच्यापासून तूं कशी दडवितोस? सिसेरोचा कौल अँटिपेटरच्या बाजूनें आहे.

आम्हीं अनेक वर्षें हा प्रश्न महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांस घातला आहे, आणि दर वर्षीं वर्ग दुभंगतो. डायोजिनीसचा पक्ष घेणाऱ्या मुलांचा युक्तिवाद दुबळा नसतो. ते म्हणतात, व्यापाऱ्यानें समुद्राची जोखीम घेतली, डोळे उघडे ठेविले, आणि ज्ञान मिळविलें. तें फुकट वांटावयाचें असेल तर उद्यां कोण डोळे उघडे ठेवील? खनिजाच्या धंद्यास तर हा युक्तिवाद फारच लागूं पडतो. कॅनडांत टिमिन्स गांवाजवळ टेक्सास गल्फ सल्फर या कंपनीनें स्वतःच्या खर्चानें विमानांतून भूमीची चुंबकीय-विद्युत पाहणी केली, व नोव्हेंबर १९६३ मध्यें पहिल्याच छिद्रांत तांबें व जस्त यांचा प्रचंड सांठा तिला लागला. कंपनीनें ही वार्ता दाबून ठेवून आसपासच्या जमिनी मिळविल्या, आणि एप्रिल १९६४ मध्यें ती जाहीर केली. मधल्या काळांत कंपनीच्या आंतल्या लोकांनीं तिचे भाग विकत घेतले. १९६८ सालीं अमेरिकेच्या अपील न्यायालयानें या भागखरेदीस दोष दिला. जमिनी मिळेपर्यंत वार्ता गुप्त ठेवणें मात्र धंद्याच्या दृष्टीनें रास्त मानलें. ज्यानें कंपनीचा भाग विकला त्यास सत्य सांगणें अवश्य ठरलें. ज्यानें जमीन विकली त्यास तसें तें ठरलें नाहीं. या भेदानें आमच्या मनाचें समाधान होत नाहीं. तरी त्याच्या मुळाशीं एक कारण आहे हें आम्ही मान्य करतों: विमान कंपनीचें होतें, छिद्र कंपनीचें होतें, आणि कांहीं न लागतें तर तोटाही कंपनीचाच होता.

आमच्या मतें सार्वजनिक सर्वेक्षणाचा प्रश्न याच ठिकाणीं वेगळा होतो. स्वकष्टार्जित ज्ञानाचा फायदा ज्याचा त्यानें घ्यावा, हें डायोजिनीसच्या पक्षाचें सारें बळ आहे. परंतु मिरजगांवच्या ओढ्यांतील गाळ ज्यानें उचलला, चाळला, तपासला, त्याचा पगार सर्व प्रजेनें दिला आहे; त्या शिवारांतील शेतकऱ्यानेंही दिला आहे. तेव्हां या ज्ञानाचे दोन भाग पडतात. गाळापासून आंकड्यापर्यंतचा भाग सर्वांच्या खर्चानें झाला. आंकड्यापासून अनुमानापर्यंतचा भाग खनिजशोधकाच्या बुद्धीनें झाला. दुसऱ्या भागाचें मोल त्यानें खुशाल घ्यावें. पण दोन्ही भाग आपलेच असें समजून, पहिल्या भागाच्या एका वांटेकऱ्याशीं तो व्यवहारास बसतो, व त्याच्याच पैशानें मिळालेली गोष्ट त्याच्यापासून दडवितो, तेव्हां "न सांगणें म्हणजे लपविणें नव्हे" ही सबब टिकत नाहीं. ऱ्होड्सच्या गिऱ्हाइकांनींच वर्गणी काढून तें टेहळणीचें गलबत पाठविलें असतें, तर डायोजिनीसलाही आपलें मत बदलावें लागलें असतें.

आमच्या प्राचीन शास्त्रकारांस हा भेद अवगत होता, असें दिसतें. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत खाण, रत्न किंवा निधि यांची वार्ता राजास देणाऱ्यास सहावा हिस्सा सांगितला आहे. पण तोच राजाचा पगारी सेवक असेल तर बारावा. वेतन घेऊन केलेल्या शोधाचें मोल स्वतंत्र शोधाच्या निम्म्यानें धरलें, याचा अर्थ उघड आहे. अर्धा शोध वेतनानें आधींच विकत घेतलेला असतो. मनुस्मृतींतही भूमींतील धातूंचा अर्धा भाग राजास देतांना, तो भूमीचें रक्षण करतो व तिचा अधिपति आहे, असें कारण दिलें आहे. राजाचा हक्कही तेथें निष्कारण ठरविलेला नाहीं, रक्षणाचें कर्तव्य त्याच्या गळ्यांत बांधलेलें आहे.

आजचा कायदा पाहिला तर त्यांतही या विचाराचे अंश आढळतात. महाराष्ट्रांत जमीन महसूल अधिनियम, १९६६ अन्वयें खनिजांवरील हक्क राज्य सरकारचा आहे. शेतकऱ्याची मालकी नांगराच्या फाळापुरती. सर्वत्र असेंच आहे असें नाहीं. केरळांतील जन्मी जमीनदारांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें २०१३ सालीं असा निर्णय दिला कीं, कायद्यानें काढून घेतला नसेल तर भूगर्भावरील हक्क सामान्यतः भूमीच्या स्वामीचाच असतो. २०१५ पासून मोठ्या खनिजांचे पट्टे लिलावानें देतात, आणि खाणीनें बाधित झालेल्यांसाठीं जिल्हा खनिज प्रतिष्ठानें स्थापण्यांत आलीं. जुन्या पट्टेदारानें स्वामित्वधनाच्या तीस टक्के, व लिलावानें आलेल्या नव्यानें दहा टक्के रक्कम त्यांत भरावयाची. २०२३ च्या दुरुस्तीनें तांबें, सोनें, लिथियम यांसारख्या २९ खनिजांच्या शोधासाठीं स्वतंत्र परवाना सुरू झाला. त्यांत शोधकास पुढें होणाऱ्या खाणीच्या लिलावांतील अधिमूल्याचा कांहीं वांटा मिळतो. कौटिल्याचा सहावा हिस्साच नव्या वेषांत परत आला, असें म्हणण्यास हरकत नाहीं. राज्याचा वांटा, शोधकाचा वांटा, बाधितांचा वांटा, असे तीन वांटे तर कायद्यानें मानले. परंतु हे सर्व वांटे धनाचे आहेत. ज्ञानाच्या वांटणीचा विचार त्यांत नाहीं. आणि शेतकऱ्याचा पहिला तोटा होतो तो येथेंच. खनिज सरकारचें असलें तरी खाणीस जागा लागते, रस्ता लागतो, पाणी लागतें. जमिनीचा भाव त्यावर चढतो. लिलावाची वार्ता गांवीं पोहोंचण्यापूर्वीं ज्यानें जमीन विकली, त्यास कोणतेंही प्रतिष्ठान ती परत देत नाहीं.

येथें एक आक्षेप येईल. भांडार सर्वांस खुलें आहे. शेतकऱ्यानेंही तें पाहावें, त्यास कोणीं अडविलें आहे? या आक्षेपास उत्तर देण्यासाठीं आम्हांस दूर जावें लागत नाहीं. मिरजगांव ज्या जिल्ह्यांत आहे, त्याच जिल्ह्यांत नेवासें आहे. तेथें शके १२१२ मध्यें ज्ञानेश्वरांनीं गीतेवर मराठींत भाष्य सांगितलें. गीता तत्पूर्वीं कोणी पेटींत कुलुपबंद करून ठेविली होती असें नाहीं. ती संस्कृतांत होती, एवढेंच. पण कुणब्याच्या दृष्टीनें त्या दोन गोष्टींत फरक तो काय? ज्ञानेश्वरांनीं कुलूप तोडलें नाहीं, त्यांनीं अर्थ सांगितला, आणि तेवढ्यानें महाराष्ट्राचें मन पालटलें. आज भूगर्भाची गीता पुन्हां एका नव्या संस्कृतांत लिहिली जात आहे. दहा लाखांत किती भाग, कोणत्या चौरसांत, सामान्य प्रमाण कोणतें व असाधारण कोणतें, ही ती भाषा. ती इंग्रजींत छापतात हा अडचणीचा लहान भाग आहे. इंग्रजी जाणणाऱ्या आमच्यासारख्या पदवीधरांपैकीं तरी कितीकांस ती वाचतां येईल? वस्तु उघडी ठेविली म्हणजे ती दिली असें होत नाहीं. घेणाऱ्याच्या हातास ती लागली पाहिजे.

आणि ती लागली तर तिचा उपयोग केवळ खाणीपुरता नाहीं, हें मिरजगांवच्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाचें आहे. खनिजशोधकास ज्या आंकड्यांत कांहींच मिळत नाहीं, त्याच आंकड्यांत शेतकऱ्यास व वैद्यास पुष्कळ मिळूं शकतें. महाराष्ट्राच्या पुष्कळ जमिनींत पिकांस उपलब्ध होणारें जस्त व लोह कमी पडतें. विहिरीच्या पाण्यांत फ्लोराइड अधिक झालें तर दांत व हाडें बिघडतात. चंद्रपूर, यवतमाळ या जिल्ह्यांतील कांहीं गांवांनीं तो त्रास भोगला आहे. इंग्लंडांत प्राध्यापक जॉन वेब यांनीं ओढ्यांच्या गाळाचा रासायनिक नकाशासंग्रह केला, तो १९७८ सालीं प्रसिद्ध झाला. या पद्धतीचा उगम खनिजांच्या शोधांत होता. परंतु गाळांतील मॉलिब्डेनमच्या नकाशावरून, गुरांच्या अंगीं तांब्याची उणीव पडून तीं कां खंगतात, याचा उलगडा तेथें झाला. धातूच्या शोधास निघालेलें शास्त्र गुरांच्या गोठ्यापर्यंत पोहोंचलें, कारण कोणी तरी तेच आंकडे दुसऱ्या माणसाच्या गरजेच्या दृष्टीनें पुन्हां वाचले. गाळांतील आंकडा म्हणजे पिकाचें किंवा पाण्याचें निदान नव्हे. त्यासाठीं माती व पाणी स्वतंत्र तपासावें लागतें. पण कोठें तपासावें याची दिशा त्यावरून मिळते. ज्या प्रदेशांत खाण निघण्याचा संभव नाहीं, तेथें या सार्वजनिक खर्चाची फेड व्हावयाची तर ती याच मार्गानें होईल.

यावरून तीन कर्तव्यें निघतात असें आम्हांस वाटतें. पहिलें सरकारचें. ज्यानें गाळ नेला त्यानें त्याचा अर्थ त्या गांवीं, त्या गांवच्या भाषेंत, निश्चितीची पायरी स्पष्ट सांगून पोहोंचविला पाहिजे. 'अनुमानित' या शब्दास ५९ लाखांइतकेंच मोठें अक्षर दिलें पाहिजे. दुसरें खनिजशोधकाचें. त्यानें आपल्या अनुमानाचें मोल घ्यावें, आपली युक्ति प्रतिस्पर्ध्यापासून राखावी, त्यास कोणाची हरकत नाहीं. परंतु शेताच्या धन्यासमोर बसतांना आपण कोणत्या हेतूनें जमीन मागतों, एवढें त्यानें सांगावें. यामुळें त्यास चार पैसे अधिक द्यावे लागतील, हें खरें. ते त्याच्या बुद्धीच्या मोलांतून जात नाहींत. पूर्वीं फुकट पडत असलेल्या दुसऱ्याच्या वांट्यांतून जातात. ही अपेक्षा अव्यवहार्य आहे असें धंदेवाले म्हणतील. परंतु घोड्याचा दोष लपवून तो विकणें हाही एके काळीं व्यवहारच समजला जात असे.

तिसरें कर्तव्य आम्हां शिकलेल्यांचें आहे, आणि त्याचीच चर्चा सर्वांत कमी होते. जिल्ह्याजिल्ह्यांत आज महाविद्यालयें आहेत. त्यांत रसायन शिकविणारे आहेत, भूगोल शिकविणारे आहेत, आणि पदवीपुरते निबंध लिहिणारे शेंकडों विद्यार्थी आहेत. आपल्या तालुक्याच्या नकाशाचा एक चौरस घेऊन त्यांतील आंकडे मराठींत समजावून सांगणारा एक कागद त्यांनीं लिहावा, व तो ग्रामसभेंत वाचावा, यास ना मोठा खर्च लागत, ना कोणाची परवानगी. आंकडे काय आहेत, या काळ्या फत्तरांत ते तसे असणें साहजिक कां आहे, आणि कशाविषयीं ते कांहींच सांगत नाहींत, या तीन गोष्टी त्यांत असाव्या. खाणीजोगें येथें कांहीं दिसत नाहीं, एवढाच त्याचा निष्कर्ष निघाला तरी तो लिहिण्याचे श्रम वायां जाणार नाहींत. रंगीत नकाशा घेऊन येणाऱ्या गृहस्थास, "आंकडा आम्हीं पाहिला आहे, त्याचा अर्थही आम्हांस ठाऊक आहे," असें मिरजगांवचा शेतकरी ज्या दिवशीं सांगूं शकेल, त्या दिवशीं हें भांडार खऱ्या अर्थानें सार्वजनिक झालें असें आम्ही म्हणूं.